पुलाअलीकडचं घर

जर्मनीत लेकीकडे राहून आले असं मी भावकीत सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे पहिला आठवडाभर मी लेकीकडे नव्हतेच. मी एका मिठाच्या व्यापाऱ्याच्या घरात होते, आणि तो व्यापारी मरून पाचशे वर्षं झाली होती.

रेगेन्सबुर्ग नावाचं नदीकाठचं जुनं शहर आहे. पंचवटीसारखीच गल्लीतून गल्ली निघते, फक्त आवाज कुणाचा नाही. माझी एकुलती एक लेक पल्लवी आणि जावई ललितराव तिथे नोकरीला आहेत. पल्लवीने विमानतळावरून मला थेट त्या घरात आणलं. दगडी जिना, डोक्याला लागतील इतक्या खाली आलेल्या काळ्या तुळया, एका बाजूला कललेली लाकडी जमीन. पल्लवी गाईडसारखी सांगत सुटली. ही सरकारने जपलेली वास्तू आहे, सुट्टीला आलेले लोक हे घर भाड्याने घेतात, फार आधीपासून बुक करावं लागतं. मी मान हलवत राहिले. मग विचारलं, "आन् तुझं घर?"

"पुलापलीकडे. चालत पंधरा मिनिटं."

"मग माझी बॅग इथं का ठेवली?"

तिने बॅग कोपऱ्यात नीट लावली. "तुझा नेम आहे ना, आई. माझ्यामुळे मोडायला नको." तिच्या बोलण्यात राग असता तर मी भांडले असते. राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं.

आता नेमाचं सांगते. आमच्याकडे जुनी माणसं लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीत. हल्ली कोण पाळतं? माझ्या जावा लेकींकडे महिना महिना तळ ठोकतात, वर सकाळी नाश्त्याला काय म्हणून विचारतात. पण पल्लवीचे वडील, आण्णा, म्हणजे वेगळंच प्रकरण होतं. मखमलाबादची फुलशेती त्यांनी ठिबकवर नेली, मोबाईलवर बाजारभाव बघायला शिकले, सगळं नवं केलं. नेमाला मात्र हात लावू दिला नाही.

लग्नानंतर पल्लवी पाथर्डी फाट्याला फ्लॅटमध्ये राहायची. फुलबाजार आटोपला की आम्ही पिकअप तिच्या बिल्डिंगखाली उभी करायचो आणि शेवंती नि भाजीची पिशवी वॉचमनकडे देऊन निघायचो. एकदा ती तांब्या-भांडं घेऊन धावत खाली आली. "आण्णा, हे काय माझं घर नाही, हा रस्ता आहे," म्हणाली. आण्णा हसले. "पाणी तर तुझ्याच घरचं ना?" म्हणाले आणि गाडी चालू केली. मी शेजारी बसले होते. मलाही तहान लागली होती, पण मी हात पुढे केला नाही.

आण्णा दीड वर्षापूर्वी गेले. मला वाटलं, नेमही त्यांच्याबरोबर गेला. पल्लवीला मी तसं बोलले नाही. त्यात बोलायचं काय, असं वाटलं. तिने तिकीट पाठवलं तेव्हा मी काळा मसाला, नागलीचे पापड, सांडगे असं सगळं बांधून घेतलं. मखमलाबादच्या घरात आता मी एकटीच. दोन वेळचं स्वतःपुरतं शिजवायचा कंटाळा येतो. म्हटलं, थोडे दिवस लेकीच्या ओट्याशी उभं राहू, तिच्या घरात झोपू. युरोप-बियुरोप मला बघायचाच नव्हता.

आणि मी बसले मीठवाल्याच्या घरात. पल्लवी सकाळी फोन करायची, संध्याकाळी कामावरून यायची. येताना एका पंजाबी हॉटेलातून जेवण आणायची. स्वतःच्या हातचं आणलं तर नेम मोडेल, आणि हॉटेलचं चालतं, असा तिचा हिशेब. एवढ्या लांब विमानाने जाऊन मी रोज पनीर बटर मसाला खाल्ला. आम्ही दोघी त्या मोठ्या लाकडी टेबलाशी बसून पाहुण्यांसारख्या बोलायचो. थंडी किती, सांधे दुखतात का, शेत कुणाला वाट्याने दिलं. मग ती भांडी धुऊन कोट चढवायची आणि म्हणायची, "दार आतून लाव गं."

दिवस मोठा वाटायचा. खाली टोप्यांचं दुकान, शेजारच्या घरात माणूस असल्याची खूण नाही. खिडकीत लाल फुलांच्या कुंड्या होत्या, पण वाळलेली फुलं कुणी खुडलेली नव्हती. पहिल्याच दिवशी मी सगळ्या कुंड्या स्वच्छ केल्या. दुसऱ्या दिवशी खुडायला काही उरलं नाही, याचंच मला वाईट वाटलं. खाली रस्त्यात पर्यटक थांबून घराचे फोटो काढायचे. नऊवारी लुगडं नेसलेली म्हातारी खिडकीत दिसली की आणखी चार फोटो काढायचे. एकदोघांनी हात हलवला. मीही हलवला. दिवसभरात माझ्याशी एवढंच कुणी बोललं.

चर्चच्या घंटा वाजल्या की कुणीतरी येईल असं उगाच वाटायचं. दुपारी एकदा मी त्या कललेल्या जमिनीवर बसून चांगली रडले. नवरा गेला तेव्हाही मी एवढी एकटी नव्हते. घर माणसांनी भरलेलं होतं. इथे माझी लेक नदीच्या पलीकडे होती आणि मी अलीकडे.

शनिवारी ललितराव आले. तिघं मिळून दगडी पुलावर गेलो. मधोमध थांबून त्यांनी बोट दाखवलं. "ती पिवळी बिल्डिंग दिसतेय ना, तिच्या मागे आपलं घर. चला ना आई, चहा घेऊ." पल्लवीने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. ललितराव आईस्क्रीम आणायला गेले. बिचारा भला माणूस आहे.

त्या संध्याकाळी पल्लवीने मला मोबाईलवर घराचे फोटो दाखवले. हा हॉल, ही बेडरूम, हा ओटा. माझं डोकंच फिरलं.

"मी काय मोबाईलातलं घर बघाया आले का? सरळ सांग ना, आई नको झाली म्हणून."

"नेम माझा आहे का?"

"आण्णांचा होता. ते गेले."

"आणि तुझा नव्हता? मी पाणी घेऊन खाली आले होते, तेव्हा तूही बसून होतीस गाडीत." ती उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता. "नातवंड होईपर्यंत ना? ते होणार नाही आता. कधीच नाही. डॉक्टरांनी सांगितलं त्याला दोन वर्षं झाली. तेव्हा आण्णा होते. मी काय फोन करून सांगणार होते त्यांना? की आता तुम्ही मरेपर्यंत माझ्या घरी येऊ नका म्हणून?"

मी तिचा हात धरायला गेले, तर तिने कोट उचलला आणि जिना उतरून गेली. त्या दिवशी तिने दार लाव म्हणूनही सांगितलं नाही.

मला आण्णांचा राग आला. गेलेल्या माणसावरचा राग काढणार कुठे? पिशवी वॉचमनकडे देताना आम्ही दरवेळी तिला तेच ऐकवत होतो, की अजून नाही, अजून नाही. आणि ती दरवेळी वरून हसून हात हलवत होती. माझंही काही कमी नव्हतं. मला तर नेम पटतसुद्धा नव्हता, तरी पाळत होते.

रविवारी सकाळी मी ललितरावांना फोन केला. "मला न्याया या. पल्लवीला इचारू नका." ते इतक्या लवकर आले की बूट घालूनच बसले होते की काय कोण जाणे.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, स्टँडवर वाळत घातलेले कपडे, खिडकीशी कोथिंबिरीची कुंडी. फोडणीचा वास येत होता. पल्लवी ओट्याशी उभी होती. मला बघून तिचा झारा हातातच राहिला.

मी चपला काढल्या, हात धुतले आणि टेबलाशी बसले. "वाढ."

"आई, अगं नेम..."

"वाढ म्हणते ना. लय भूक लागली."

तिने ताट घेतलं. पिठलं आणि भात वाढला. मी पहिला घास खाल्ला, दुसरा खाल्ला. पिठल्यात मीठ जास्त झालं होतं, आणि मी ते तिला सांगितलंसुद्धा. ललितराव हसले आणि वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायचं निमित्त करून आतल्या खोलीत गेले. मी खात राहिले. पल्लवी समोरच्या खुर्चीवर बसून माझा प्रत्येक घास बघत होती. मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल. पण तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते माझ्यासाठी नव्हतं हे मला कळत होतं.

"आई," ती म्हणाली, "आण्णांना मी सांगितलं असतं ना, मूल होणार नाही म्हणून... तर ते आले असते का गं?"

अडतीस वर्षं मी त्या माणसाबरोबर संसार केला. ते रडले असते. रोज देवापुढे बसले असते, दुप्पट भाजी पाठवली असती. पण वर आले नसते.

"आले असते," मी म्हणाले. "पळत आले असते."

पल्लवी माझ्याकडे बघत राहिली. तीही त्यांचीच लेक. तिला आण्णा माझ्याइतकेच ठाऊक होते. तिने ओढणीने तोंड पुसलं, पातेलं पुढे ओढलं आणि न विचारता माझ्या ताटात आणखी भात वाढला.

"बॅग घेऊन ये तुझी," ती म्हणाली. "आजपासून इथेच झोप."