एका फोनवर तिघं

आईबाबांचा अबोला होता. बाबांनी आईचं शिवणयंत्र हौसेने दुरुस्त केलं आणि तेव्हापासून ते फक्त उलटं शिवत होतं. त्यात दोघांचा मिळून एकच मोबाइल, तोही कायम गादीखाली हरवलेला. म्हणून लेकीने मोबाइल जुन्या टेलिफोनांना जोडणारी एक डबी आणून बसवली. आता मोबाइलवर फोन आला की घरातले दोन्ही जुने टेलिफोन वाजायचे.

आपल्या घरी पोचल्यावर तिने फोन लावला. स्वयंपाकघरातला आईने उचलला, बाहेरच्या खोलीतला बाबांनी.

“तुझ्या बाबांना सांग, जेवण झाकून ठेवलंय,” आई म्हणाली.

“तुझ्या आईला सांग, ऐकलं मी. आणि यंत्र उद्या सुलटं करतो म्हणावं.”

“चष्मा लावून करा म्हणावं.”

“चष्मा सापडत नाहीये म्हणावं.”

“डोक्यावर बघा.”

बाबांनी डोकं चाचपलं. मग हळूच म्हणाले, “आहे गं.”

आई खुदकन हसली. लेक इकडे कान देऊन ऐकत होती. समोर दूध उतू चाललं होतं, म्हणून ती पुटपुटली, “मी ठेवू का आता?”

“खुळी आहेस का?” बाबा म्हणाले. “आमचं बोलणं चाललंय ना.”