प्रश्नांचा रकाना

चिमणीने चमचा दातांत पकडला आणि चावीताईचा हात जागच्या जागी थांबला.

ओढायचा नाही. ओढला की तिचा जबडा आणखी आवळतो, मान मागे जाते आणि घास घशात अडकतो. अंगठा हनुवटीखाली हलकेच टेकवायचा आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसायचं, जणू आपल्याला दिवसभरात दुसरं कामच नाही. चिमणी नऊ वर्षांची. तिला मान सावरता येत नाही, बोलता येत नाही. पण कोण घाईत आहे हे तिला माणूस दारात असतानाच कळतं.

समोरच्या बाकावर मुलाखतीला आलेली बाई पर्स मांडीवर घेऊन बसली होती. मुलाखत खरं तर ऑफिसात व्हायची. पण मुलांना भरवणारी मदतनीस मागच्या आठवड्यात सोडून गेली होती, तिच्या आधीची उन्हाळ्यात, आणि तिच्या आधीची कधी ते आता आठवतही नव्हतं. आठवडाभर अकरा मुलांचं जेवण, हजेरीचं रजिस्टर, पाहुण्यांना दिव्यांग मुलांचं हे केंद्र दाखवणं आणि नवीन माणूस शोधणं, सगळं एकटीच्या गळ्यात. कमरेला किल्ल्यांचा जुडगा होताच. ताईची चावीताई त्यानेच केली होती.

"ती सोडेपर्यंत थांबता?" बाईने विचारलं. ती आठ वर्षं एका इस्पितळात वॉर्डात काम करून आली होती.

"थांबावं लागतं."

"मग जेवण किती वेळ चालतं?"

"हिचं पाऊण तास."

"एका माणसाकडे मुलं किती?"

"चार," चावीताई म्हणाली. मग तिलाच कसंतरी झालं. "सध्या अकरा."

"मोठ्या मुलांना उचलायला दोघं असतात का?"

"असायला हवीत."

"असतात का, ते विचारलं मी."

स्वयंपाकघराच्या दारात पातेलं पुसत उभी असलेली मावशी खुदकन हसली. बाईने तिच्याकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न त्याच रोखाने टाकला.

"आधीची का गेली?"

"वैयक्तिक कारण," चावीताई म्हणाली.

"पाठ गेली तिची," मावशी म्हणाली. "आता पाठ वैयक्तिकच असते म्हणा. दुसऱ्याची थोडीच दुखते?"

"मावशी, भात बघा."

"भात बघतेच आहे. भात कुठं सोडून जातोय?"

चिमणीचा जबडा सैल पडला. चावीताईने चमचा अलगद काढून घेतला, तिच्या ओठांवरचा मऊ भात पुसला.

"शेवटचं एक," बाई म्हणाली. "आठवड्याची एक सुट्टी पक्की असेल ना? आणि हे सगळं कागदावर मिळेल? तसं असेल तर मी सोमवारपासून येते."

चावीताईने मान हलवली. त्या हलण्याचा अर्थ हो की नाही, हे तिलाही सांगता आलं नसतं.

बाई गेल्यावर तिने पत्रक भरायला घेतलं. मुलाखतीचं हे पत्रक भाऊंनी संस्था काढली त्या वर्षी स्वतः तयार केलेलं. नाव, वय, शिक्षण, अनुभव. मग 'सेवाभाव, दहापैकी गुण'. आणि सगळ्यात खाली, 'उमेदवाराने विचारलेले प्रश्न'. बाहेरच्या माणसाला हा रकाना बघून बरं वाटायचं. वा, म्हणजे इथे माणसाचं ऐकून घेतात. हिशेब उलटा होता. जितके प्रश्न जास्त, तितके सेवाभावाचे गुण कमी. पहिल्याच भेटीत जो सुट्टी विचारतो तो नोकरी शोधतोय, असं भाऊ म्हणायचे, आणि आपल्याला नोकर नकोत, आपलं कुटुंब आहे.

कुटुंब होतंच. संस्थापक भाऊ, किल्ल्यांवाली ताई, स्वयंपाकाची मावशी. इथे पाय ठेवला की माणूस नातेवाईक होतो, आणि नातेवाईकाने सुट्टी मागायची म्हणजे घरात असताना घरी जाऊ का विचारायचं. फार सोयीचं कुटुंब. फक्त दर तीन-चार महिन्यांनी जाहिरात देऊन नवीन नातेवाईक शोधावे लागायचे.

फोन वाजला. धाकटी बहीण.

"आईचं ऑपरेशन गुरुवारी सकाळी आहे. खुब्याचं. तू येतेयस ना?"

"बघते."

"मोतीबिंदूच्या वेळीही बघतच होतीस."

"माणूस नाहीये गं इथं. आज दोघांना बघितलं. एक उद्यापासून यायला तयार आहे."

"मग घ्या की त्याला! काय लग्न जुळवताय?"

चावीताई हसली, पण बहीण हसली नव्हती.

"आई रोज विचारते," बहीण म्हणाली. "मी सांगते, ताईच्या तिकडं अकरा मुलं आहेत. ती म्हणते, मग मी बारावी."

फोन ठेवल्यावर चावीताई थोडा वेळ बोटांना लागलेला भात खरवडत बसली. उद्यापासून यायला तयार होता तो पोरगा सकाळी येऊन गेला होता. अकरा मुलं? चालेल. वेळ? कधीही. सुट्टी? नको मला. काहीही चालेल, ताई. भाऊ स्वतः उठून त्याच्या पाठीवर हात ठेवायला आले. तिने त्याच्या हातात चिमणीचा चमचा दिला. चिमणीने दात आवळले, त्याने चमचा ओढला, चिमणी निळी पडेपर्यंत खोकली. पोरगा घाबरून वीस वेळा सॉरी म्हणाला. ती असं का करते, हे मात्र त्याने एकदाही विचारलं नाही.

तरीही. त्याला घेतलं तर बुधवारी शिकवता येईल आणि गुरुवारी पहिल्या गाडीने निघता येईल. बाईला घेतलं तर सोमवार उजाडेल.

भाऊ दारातून डोकावले. "त्या मुलाला फोन कर. उद्या बोलाव."

"बाई चांगल्या वाटल्या, भाऊ. अनुभव आहे."

"किती प्रश्न विचारले?"

तिने मोजले. "सहा."

"मग झालं तर," भाऊ म्हणाले. "तिचं पत्रक फाइल कर." आणि परसदारी कुणाशी तरी फोनवर बोलत निघून गेले.

तिने कपाट उघडलं. खालच्या खणात सगळ्या वर्षांचे गठ्ठे दोरीने बांधून ठेवले होते. नवीन कागद वर ठेवता आला असता. ती मात्र खाली मांडी घालून बसली आणि एकेक काढू लागली. सेवाभाव दहा. प्रश्न, नाही. पाच महिने. सेवाभाव नऊ. प्रश्न, नाही. तीन महिने. सेवाभाव दहा; हा तर जेवायच्या सुट्टीत गेला तो परत आलाच नाही, डबासुद्धा इथेच राहिला. मावशी अजून त्यात मीठ ठेवते.

जवळजवळ तळाला, पिवळ्या पडलेल्या कागदावर, तिचं स्वतःचं पत्रक होतं. चौदा वर्षांपूर्वीचं. ते तिने कधीच पाहिलं नव्हतं. सेवाभाव दहा. खालच्या रकान्यात भाऊंचं वळणदार अक्षर: 'एकही प्रश्न नाही.' आणि त्याखाली, अधोरेखित, एकच शब्द.

'टिकेल.'

बादलीबद्दल, चपलेबद्दल, टेबलाच्या पायाबद्दल बोलावं तसा. तिने तो शब्द दोनदा वाचला. मग गठ्ठा पुन्हा बांधला, एक कागद बाहेर ठेवून.

ती ऑफिसात गेली तेव्हा भाऊ चष्मा पुसत होते. तिने दोन पत्रकं समोर ठेवली. वरचं बाईचं होतं.

"हे मी फाइल करायला सांगितलं होतं."

"यांना सोमवारपासून या म्हणून सांगितलंय. कागदही तुम्ही आजच द्यायचाय. सुट्टीचा."

भाऊंनी ते उचललं, काही बोलायला तोंड उघडलं आणि खालचं पत्रक दिसलं. पिवळा कागद ते बराच वेळ वाचत राहिले. 'एकही प्रश्न नाही' वर आडवी रेघ मारून बाजूला ताज्या शाईने लिहिलं होतं: 'गुरुवारपासून चार दिवस मी नाही. चालेल ना?'

"अगं ताई," भाऊ हसत म्हणाले, "तू पण?"

एरवी तिने हसून विषय गुंडाळला असता. आता ती समोरच्या खुर्चीत, त्यांच्या डोक्यामागच्या भिंतीकडे बघत, हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

हसू हळूहळू ओसरलं. बाहेर मावशी ताटं रचत होती.

"आणि सोमवारपर्यंत?" भाऊंनी विचारलं. "चिमणीला कोण भरवणार?"

तिने कमरेचा जुडगा सोडला आणि टेबलावर ठेवला.

भाऊ किल्ल्यांकडे पाहत राहिले. एक उचलली, खाली ठेवली. मग दुसरी. अठरा वर्षांच्या आपल्या संस्थेत कुठली किल्ली कुठल्या कुलुपाची, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

"ताई," ते शेवटी हळू आवाजात म्हणाले, "तिचा चमचा कुठला?"