माझ्याकडच्या अकरा नोंदी

"ताई, काही बिघडलं तर हे बटण दाब. ही सिस्टीम जशी आज आहे तशी परत होईल. पण आजनंतर लिहिलेलं सगळं जाईल. म्हणून वहीतही लिहीत जा."

"वही कुठे सांभाळू? रोशनी आधी तीच फाडेल," उज्वलाताई हसून म्हणाल्या.

मित्रांनो, मी एक जुनी ऑपरेटिंग सिस्टीम आहे. हे बोलणं माझ्यासमोर झालं, २००७ च्या जूनमध्ये, सिडकोतल्या त्यांच्या घरी. माझी उमेदीची वर्षं पंचवटीतल्या एका छपाईच्या दुकानात गेली. कॉलेज संपवून उज्वलाताई तिथे लग्नपत्रिका टाइप करायच्या. माझ्यातल्या मराठी अक्षरांवर त्यांचा हात असा बसला होता, की गिऱ्हाइकं बघत उभी राहायची. पुढे नवे संगणक आले. त्यांच्यावर ती अक्षरं उमटेनात. तेव्हा ताईंचा धाकटा भाऊ ललित याने मला घरच्या नव्या संगणकात, एका आभासी संगणकाच्या पोटात बसवलं. बाहेर नवी सिस्टीम, तिच्या एका चौकटीत मी. मला मात्र वाटायचं, आपण अजून खऱ्याच यंत्रावर चालतोय.

आता पत्रिका नव्हत्या. ताईंच्या तीन वर्षांच्या लेकीला, रोशनीला, आकडीचे झटके यायचे. कधी आला, किती मिनिटं टिकला, डॉक्टरांच्या सांगण्यावरून ताई सगळं माझ्यात लिहायच्या. त्या दिवशी ते बटण समजावून ललितने माझा स्नॅपशॉट घेतला, म्हणजे मी होते तशी जपून ठेवली, तेव्हा अकरा नोंदी होत्या.

त्यानंतरचं मला काही आठवत नाही. जाग आली तर कॅलेंडर नोव्हेंबर दाखवत होतं आणि ताई माझा एकेक फोल्डर उघडत होत्या.

"अक्षरांचे चौकोन झाले होते रे. म्हणून तू दाखवलेलं बटण दाबलं," त्या शेजारी बसलेल्या ललितला म्हणाल्या.

"संगणकाने विचारलं नाही, नक्की का म्हणून?"

"विचारलं. ते सगळ्यालाच विचारतं."

ललितने तासभर जूननंतरच्या नोंदी शोधल्या, मग खुर्ची मागे सारली. "नाही मिळणार, ताई. अंदाजाने लिही."

"अंदाजाने कसं लिहू? जुलैत औषध बदललंय. झटके कमी झाले की वाढले, ते बघून डॉक्टर उद्या डोस ठरवणार आहेत. राखीला एक आला होता. गणपतीत दोन... का तीन?"

दुसऱ्या दिवशी त्या फोनवर ललितला सांगत होत्या, "म्हणाले, तोच डोस चालू ठेवा. तीन महिने पुन्हा लिहा, मग बघू." फोन ठेवून त्या माझ्याकडे बघत बसल्या. माझ्या लेखी रोशनीला अकराच झटके आले होते.

वहीत लिहायला लागल्यावरही त्या रोज सकाळी मला उघडून शोधायच्या. माझ्या शेवटच्या दिवशी रोशनी त्यांच्या मांडीवर होती. "मी पन लिहिते," म्हणत ती कळफलकावर बोटं आपटत होती. मधेच बोटं थांबली.

"रोशनी? ए सोनू, इकडे बघ."

ताईंनी तिला कुशीवर वळवलं आणि भिंतीवरच्या घड्याळात बघत मिनिटं मोजायला लागल्या. तिसरं मिनिट सरता सरता भारनियमनामुळे वीज गेली, तशी मीही बंद पडले.

मला पुन्हा कोणी सुरू केलं नाही. मित्रांनो, जे हरवून चालणार नाही, ते माझ्यासारख्या एकाच जागी ठेवू नका. आणि सिडकोकडे गेलात, तर उज्वलाताईंचं दार वाजवा. झटका कधी थांबला, मला माहीत नाही. रोशनी कशी आहे, तेवढं बघून या.