फरशीवाल्याच्या गुडघ्यातली गादी

परक्याच्या घरातली फरशी पोकळ वाजली तर मेल्याला पलीकडच्या खोलीतून ऐकू येतं, पण स्वतःच्या गुडघ्यातला आवाज ऐकायला याला कान नाहीत! मित्रांनो, मी या फरशीवाल्याच्या उजव्या गुडघ्यातली जुनी गादी आहे. डॉक्टर मला कूर्चा म्हणतात. म्हणोत बापडे. वर मांडीचं हाड, खाली नडगीचं. दोघी जावाच. मध्ये मी सासू बसले होते, म्हणून घर टिकलं.

त्याच्या जन्माआधीपासून मी आहे. तो रांगला, पळाला, कामाला लागला. कौतुक झालं ते हातांचं. दिवसभर उकिडवा बसून तो फरशी बसवायचा, तेव्हा भार कुणावर होता, हे कुणी विचारलं नाही.

ताज्या फरशीवर पाय ठेवता येत नाही. म्हणून हे लोक पाऊल न उचलता बसल्या जागी वळतात. एकदा हातात जड फरशी घेऊन तो तसाच गर्रकन वळला. पाऊल जागेवर राहिलं, गुडघा फिरला आणि मी कडेने फाटले. कट्! दुसऱ्या दिवशी गुडघ्याचा भोपळा झाला. त्याने तेल चोळलं आणि कामावर गेला. पुढे पाय मध्येच अडकायला लागला, फुगलेलं दार अडकावं तसा.

"लचकलाय नुसता," तो बायकोला म्हणाला.

"हो का? मग बसा बघू उकिडवे."

बसला. उठवायला दोघं लागली.

डॉक्टरीणबाईंनी एमआरआय काढून मला पाहिलं. "नशीबवान आहात. कडेला रक्त पोचतं, तिथे टाके घातले की जुळतं. आत फाटली असती तर तुकडा कापूनच काढावा लागला असता." बारीक भोकं पाडून, दुर्बिणीतून बघत त्यांनी मला शिवलं. "आता मी सांगेपर्यंत उकिडवं बसायचं नाही."

कुबड्या आल्या, पट्टा आला. जन्मात पहिल्यांदा मला विसावा मिळाला. हळूहळू मी जुळत होते, मित्रांनो. खरंच जुळत होते.

कुबड्या सुटल्या आणि हा कामावर गेला. म्हणे, नुसतं बघायला! तिथे मेहुणा फरशी बसवत होता. याने काठीने एक ठोकली. पोकळ.

"दाजी, मी काढतो ती. तुम्ही खुर्चीवर बसा."

"तू हातातलं संपवेपर्यंत खालचा सिमेंटचा माल घट्ट होईल," असं म्हणत हा बसलाच उकिडवा. माझे टाके तुटले.

या खेपेला मी शिवण्याजोगी उरले नव्हते. मोठा तुकडा कापून टाकला, राहिली ती चतकोर. आता दोघी जावा दिवसभर एकमेकींना घासतात. हा खुर्चीत बसून मेहुण्याला पोकळ फरश्या दाखवतो. हात अजून तसेच आहेत, पण जमिनीपर्यंत पोचत नाहीत.

मित्रांनो, गुडघा अडकला तर तेल चोळत बसू नका, दाखवून या. आणि शिवलेलं जुळेपर्यंत त्याच्या वाटेला जाऊ नका.

आज जिना उतरताना मी पुन्हा वाजले. तो भिंत धरून थांबला. गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "काय गं बाई, काय म्हणणं आहे तुझं?"

आत्ता विचारतोय! मीही मोठ्याने सांगितलं, "ती फरशी उखडून पुन्हा बसवता आली असती रे बाबा. मला नाही."