शरीफाचाचीच्या नावाची तार

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण ह्या गोष्टीत ते घेतल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही, म्हणून एकदाच घेते. सहदेव. खालापूरला मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर आमचं चहाचं दुकान होतं, आणि तिथे चहापेक्षा ह्यांची जीभच जास्त उकळायची. मोटारीने वर्तमानपत्र आलं, की आधी ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत मोठ्याने वाचायचं, मग गिऱ्हाईक. दूध उतू जाई. मी ओरडे. हे म्हणत, "अगं, देश बदलतोय, नि तुला दुधाचं पडलंय." देश बदलला तरी दूध उतू जायचं थांबत नाही, एवढं मला कळत होतं.

पण अठ्ठेचाळीस सालच्या पावसाळ्यात ह्यांच्या त्या वाचनाची लोकांना खरोखरच गरज पडली. आमच्याकडच्या कोकणी मुसलमानांची पोरं कराचीच्या बंदरात नि बोटींवर कामाला जायची, जशी आमची मुंबईला गिरणीत जायची. सणाला घरी यायची, परत जायची. फाळणी झाली तरी येणंजाणं चालूच होतं. मग सरकारने कायदा काढला, की तिकडून इकडे यायचं तर परमिट पाहिजे. आपल्याच घरी यायला परमिट! खोपोलीहून, कर्जतहून बायका नि म्हातारे दुकानात येऊन बसू लागले. "सहदेवदादा, आज काय छापलंय?"

हे दुकानाच्या भिंतीवर कोळशाने नियम लिहून ठेवत. नवा निघाला की जुना ओल्या फडक्याने पुसत. परमिटं दोन तऱ्हेची होती. एक महिनाभर येऊन माणसं भेटून परत जायचं, दुसरं कायमचं राहायला यायचं. ह्यांनी त्यांना नावं ठेवली होती, धाकटं परमिट आणि थोरलं परमिट. धाकट्यावर जो आला तो पाहुणा, महिना संपला की त्याला घालवून देणार. थोरलं मिळालं तरच तो पुन्हा आपला. लोकांना हे असं पटकन कळे. ह्यांचा त्यात मोठेपणा होता, तो मी नाकारत नाही, आणि तो मिरवायची ह्यांना हौस होती, तेही लपवत नाही.

आमच्या शेजारी शरीफाचाची राहायची. नवरा कधीच गेलेला, एकच मुलगा जलाल. माझी ओटी रिकामी राहिली. जलाल आमच्याच दुकानात रांगला, आमच्याच कपबशा फोडून मोठा झाला. हे त्याला खांद्यावर घेऊन बाजार दाखवायचे. सेहेचाळीस साली तो कराचीला गेला तेव्हा मोटार सुटेपर्यंत हे त्याला दमात घेत होते, की पैसे सांभाळ, भांडू नको. मोटार सुटल्यावर दुकानाच्या मागे जाऊन रडले. परमिटाचा नियम वाचला तेव्हा ह्यांना पहिला तोच आठवला.

जलालने तिकडे थोरल्या परमिटासाठी अर्ज केला. आईजवळ राहायचंय, एवढंच त्याचं म्हणणं. अर्ज कराचीहून दिल्लीला, दिल्लीहून मुंबईला, तिथून खाली खाली उतरत चौकशीला यायचा होता. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे आपल्याला पाठच आहे. पण मधेच दुसरं लचांड आलं. चाचीच्या दाराला नोटीस लागली, की घर नि भाताचं शेत जलालच्या नावावर आहे, जलाल पाकिस्तानात गेला आहे, तेव्हा ही मालमत्ता सरकारने का ताब्यात घेऊ नये, ते येऊन सांगा. सुनावणी अलिबागला.

हे चाचीला घेऊन गेले. पहाटेची मोटार, पेणला बदलायची. दिवसभर कचेरीच्या पायरीवर बसायचं. संध्याकाळी शिपाई यायचा नि पुढची तारीख सांगायचा. कधी साहेब दौऱ्यावर, कधी कागद मुंबईला, कधी नियमच बदललेला. परमिटवाले म्हणत, मालमत्तेचा निकाल लागू दे, मग बघू. मालमत्तेवाले म्हणत, मुलगा परमिटावर येऊ दे, मग बघू. चाची परत येऊन ओसरीवर पाय चोळत बसे.

"काय झालं गं चाची?"

"काय व्हायचं? तारीख झाली."

"अशानं कसं व्हायचं?"

"इंदू, घर घेवदेत नायतर शेत घेवदेत. मला माझा पोर डोळ्यांनी बघायचा हाय. तेवढा बघितला की मी मोकळी."

एकोणपन्नासच्या पावसाळ्यात तिला हिवताप धरला. क्विनाइन दिलं, उतरला, पुन्हा आला. अंगावरचं मांस गेलं. पाणी प्यायला उठली तरी भिंत धरून उठायची. ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. थोरलं परमिट येईपर्यंत ही राहते की नाही, ही धास्ती. हे खोपोलीला जाऊन तार करून आले, "आई आजारी, धाकट्या परमिटावर लगेच ये." तिकडून उलट निरोप आला, की परमिट कचेरी डॉक्टरचा दाखला मागते, दाखल्यावर मोठ्या हुद्देदाराची सही मागते. दाखला गेला. सही अपुरी म्हणून परत आला. पुन्हा गेला.

ह्याच दिवसांत कुणीतरी ह्यांना सांगितलं, की घरात मयत झालं असलं तर फारसं विचारत नाहीत, परमिट हातात ठेवतात. मग दोन दिवस हे वर्तमानपत्रसुद्धा मनात वाचत होते. मला वाटलं, पोट बिघडलं असेल. मग एक दिवस साखर आणायला म्हणून खोपोलीला गेले आणि हलकेच येऊन भट्टीपुढे बसले.

"साखर कुठाय?" मी विचारलं.

"इसरलो."

साखर आणायला गेलेला चहावाला साखर विसरतो, तेव्हाच मी ओळखायला पाहिजे होतं. ते मला कळलं रात्री. ह्यांनी जलालला तार केली होती, की आई वारली.

"अवो, जित्या माणसाची असली तार करतात काय? जीभ कशी झडली नाय तुमची!"

"मेलीय लिवलं तर तिचं आयुष्य वाढतं गं, म्हण हाय आपल्यात. नि पोरगा बघ तू, दहाव्याच्या आत इथं असंल. एकदा हद्दीत आला की पुढचं मी कोरटात बघतो. आई जिती बघून काय रडंल का तो? नाचंल!"

ह्यांचा हिशोब सरळ होता. आमच्यात आई गेली, की मुलगा जगाच्या पाठीवर कुठेही असो, धावत येतो. पिंड कोण ठेवणार? कावळा कुणासाठी शिवणार? दहावा आहे, तेरावा आहे, मुलावाचून माणूस अडून राहतं. गेल्या माणसासाठी यायला आमच्यात वेळ असतो. त्याच वेळाच्या भरवशावर ह्यांनी तार केली. चाचीला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने तिथल्या तिथे ह्यांचा कान धरला असता.

मग हे मोटारी बघू लागले. पुण्याकडची असो, मुंबईकडची असो, थांबली की हातातलं टाकून बाहेर. दहावा दिवस गेला. तेरावा गेला. हे म्हणाले, "परमिटाला उशीर झाला असंल." दिवाळी होऊन गेली. चाचीचा ताप खरंच उतरला, ती काठी घेऊन आमच्या दारात येऊन ऊन खात बसू लागली. हे मला डोळ्यांनी खुणावत, बघ, आयुष्य वाढलं की नाही. मला हसू येत नव्हतं.

थंडीत एक दिवस दुपारी मोटारीतून एक माणूस उतरला. दाढी, हातात कापडी पिशवी. मी ओळखलं, खोपोलीचा महंमद. जलालबरोबरच बंदरात कामाला होता, बाप अंथरुणाला खिळला म्हणून धाकट्या परमिटावर आला होता. हे पुढे धावले.

"महंमद, जलाल कुठाय? मागच्या मोटारीनं येतोय काय?"

महंमदने आधी ह्यांचे दोन्ही हात धरले. म्हणाला, "सहदेवदादा, जलालनं सांगितलंय, सहदेवदादाला मिठी मार. माज्या आईला माती द्यायला तो व्हता, म्हणून मला झोप लागते." आणि पिशवीतून एक हिरवी चादर काढली, जरीची किनार लावलेली. "ही चाचीच्या कबरीवर घालायची. कबर कुठशी हाय, तेवढी दावा."

हे उभेच राहिले.

"तो... तो का नाय आला?" मीच विचारलं.

"कशाला येईल, वैनी?" महंमदला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "आमच्यात मयत झालं की त्याच दिशी माती देतात. तार पोचली तवा चाची जमिनीत असणार, हे त्याला ठावं की. मंग पोरानं जिथं असंल तिथं हात वर करून दुआ मागायची. मागितली. तीन दिस जेवला नाय. मंग परमिट कचेरीत जाऊन थोरला अर्ज मागं घेतला. सायबानं इचारलं, का? तर म्हनाला, जिच्याजवळ ऱ्हायाचं व्हतं तीच नाय. मंग लांबच्या बोटीवर सही करून गेला बी. दोन वरसं तरी जमिनीला पाय नाय लागायचा."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं आपण हसत म्हणतो. त्या दिवशी मला त्या म्हणीची चीड आली.

आणि तेवढ्यात काठी वाजली. ऊन खायची वेळ झाली होती. शरीफाचाची आपल्या दारातून निघून आमच्या दाराशी आली, डोळ्यांवर हात धरून बघू लागली.

"कोन रं त्यो? महंमद? आरं, कवा आलास? माजा जलाल कसा हाय?"

महंमद मागे सरकला, बाकावर आदळला. चादर हातातून खाली पडली. चाचीने वाकून ती उचलली, झटकली, किनारीवरून बोटं फिरवली. मुसलमानाच्या बाईला कबरीची चादर ओळखायला डोळे लागत नाहीत. तिने महंमदकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. ह्यांनी तिचे पाय धरले. सगळं सांगितलं, मान वर न करता.

मला वाटलं ती काठी उचलेल. तिने उचलावी असंही मला वाटलं. ती चादर मांडीवर घेऊन खाली बसली आणि म्हणाली, "आरं सहदेवा, मला इचारायचंस तरी. मी सांगितलं असतं तुला. आमच्यात मेल्यावर कुनी येत नाय रं. जित्यापनीच येतात."

ह्यांनी त्याच दिवशी तार केली, आई जिवंत आहे. ती फिरून परत आली, माणूस ठिकाणावर नाही म्हणून. बोटीच्या कंपनीला लिहून बघितलं, महंमद परत गेला त्याच्या हाती निरोप दिला, काहीच उपयोग झाला नाही. आणि काय गंमत बघा, इतके महिने न हलणारी सुनावणी आता झाली. ह्या वेळी साहेब होता, कागद होते. कारकुनाने वाचून दाखवलं, अर्जदाराने अर्ज मागे घेतला आहे, कारण आई मयत. चाची काठीवर भार देऊन उभी राहिली.

"साहेब, ती मी. मी हाय की हितं."

साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने चष्मा काढला, तिला खुर्ची द्यायला लावली, पाणी दिलं. पण मागे घेतलेला अर्ज त्याला उठवता येत नव्हता. नवा अर्ज मुलानेच तिकडून करायचा, आणि मुलगा समुद्रावर. घरातून तिला कुणी काढणार नाही, एवढं त्याने तोंडी सांगितलं, आणि बाकीच्यासाठी पुढची तारीख दिली.

त्या तारखेपर्यंत ती राहिली नाही. उन्हाळा लागताना पुन्हा ताप आला आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. जमातीची माणसं आली. खांदा द्यायला ह्यांनाही पुढे घेतलं, ह्यांनी तिला माती दिली. जलालने म्हटलं होतं ते त्या दिवशी खरं झालं. कबरीवर घालायला चादर शोधावी लागली नाही, ती तिने स्वतः घडी करून उशाशी ठेवली होती.

परतल्यावर हे भट्टीपुढे बसले. भिंतीवरचा शेवटचा नियम तसाच होता, ह्यांनी ओलं फडकं घेतलं आणि पुसला, नवा काही लिहिला नाही. एका पोक्त माणसाने दारात थांबून विचारलं, "सहदेवदादा, पोराला तार कराया नको?"

गावभरच्या लोकांना दूरदूरच्या बातम्या देणारा माझा नवरा ते ओलं फडकं पिळत बसला. काय कळवणार होते? जलालला ते आधीच कळलेलं होतं. त्याचं रडून झालं होतं.