वाऱ्याच्या वाटेत रावण

मी एक जुना ऑईल कुलर आहे, मित्रांनो. वय विचाराल तर जेमतेम सहा वर्षं. पण यंत्राचं वय वर्षांवर नाही, कामावर मोजतात, आणि माझं काम संपून एक वर्ष उलटलं. सध्या मी मोखाड्यातल्या पोशेरा गावाजवळच्या एका पाड्यावर, ऐनाच्या झाडाखाली, एका बंद पडलेल्या गाडीच्या पुढच्या जाळीमागे बसून असतो. इंजिनावर एक कोंबडी अंडी घालते. मी कोण हे तिला ठाऊक नाही. तुम्हालाही नसणार, म्हणून आधी ओळख करून देतो.

कुलर म्हटलं की लोकांना गवताच्या पडद्यांचा, घरघर करणारा डबा आठवतो. मी तो नव्हे. माझ्यात पंखा नाही, पाणी नाही, बर्फ तर नाहीच. आठ-दहा चपट्या नळ्या आणि त्यांच्यामध्ये पातळ पत्र्याच्या बारीक घड्या, एवढंच माझं शरीर. आकाराने शाळेतल्या पाटीएवढा. गाडीच्या गिअरबॉक्समधलं तापलेलं तेल एका नळीने माझ्याकडे येतं, माझ्या अंगातून फिरतं, समोरून येणाऱ्या वाऱ्याला आपला ताप देतं आणि दुसऱ्या नळीने परत जातं. म्हणजे माझा स्वतःचा थंडावा तसूभरही नाही. तेलाचं ओझं वाऱ्याच्या खांद्यावर देणारा मी मधला गडी. हे ध्यानात ठेवा, कारण हेच विसरल्यामुळे पुढचं सगळं घडलं.

कारखान्यातल्या दिवसांचं फारसं आठवत नाही. भट्टीत मला जोडलं, पाण्यात बुडवून आत हवा सोडली, बुडबुडा आला नाही म्हणून खोक्यात भरलं. मग ठाण्याच्या एका दुकानात फळीवर बरेच दिवस काढले. गिऱ्हाईक मला उलटसुलट करून एकच प्रश्न विचारी, "याने खरंच काही फरक पडतो का?" दुकानदार माणूस सरळ होता. तो म्हणे, "गाडी कुठे चालते त्यावर आहे. सपाट रस्त्याने ऑफिसला जात असाल तर राहू द्या. गाडीत जो मूळचा बंदोबस्त असतो तो पुरतो. ओझं घेऊन घाट चढत असाल तर घ्या." हे ऐकून लोक मला परत फळीवर ठेवत. खरं बोलणाऱ्याच्या दुकानात पडून राहावं लागतं, ते असं.

शेवटी मला जव्हारच्या संदीप मिस्त्रीने उचललं, आणि ते पंढरीसाठी.

पंढरी तरुणपणी ठाण्याला बांधकामावर होता. तिथे परांची कोसळली आणि त्याचा डावा पाय घोट्यापासून कामातून गेला. गावी परतला तेव्हा भाताच्या चिखलात उभं राहवेना, उतारावर नाचणी लावायला चढवेना. गाडी चालवायला तो पूर्वीच शिकला होता, पण क्लच दाबायला डावा पाय हवा. मग त्याने ठाण्याच्या ओळखीतून एक जुनी, सात जणांची ऑटोमॅटिक गाडी मिळवली. तिला क्लचच नाही. सगळं काम उजव्या पायाचं. मोखाडा ते जव्हार माणसं नेणाऱ्या गाड्यांत तशी ती एकटीच. लोक चेष्टेने तिला "लंगडी" म्हणत. पंढरी हसून म्हणे, "लंगडी हाय म्हनून तं माझी हाय."

पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स हा लाडावलेला जीव. चढावर भरल्या गाडीने तो तापे, आतलं तेल पातळ होई, आणि मग इंजिन नुसतं ओरडे, गाडी मात्र जागची हलत नसे. समोर लाल दिवा लागे. असं दोनदा झाल्यावर पंढरीने गाडी संदीपकडे आणली. संदीपने तेलात बोट बुडवून वास घेतला आणि ते फडक्याला पुसलं.

"दादा, जळलंय हे. असंच चालवलं तर गिअरबॉक्स बसणार. इकडं तो खोलणारा कुनी नाय. वो गया, तो समझो गाडी गई."

पंढरीने उजव्या गुडघ्यावर हात ठेवला. "या एका पायावर घर हाय माझा," तो म्हणाला. "दुसरी कंची गाडी मला चालवता येत नाय. तू सांग काय करायचा ते."

संदीपने मला बसवलं. नवं तांबूस तेल भरलं. शेजारच्या चहाच्या टपरीवरचे लोक जमले आणि आपापलं ज्ञान पाजळू लागले. कुणी म्हणालं, कंपनीने दिलं नाही ते लावूच नये. कुणी म्हणालं, नुसता पैसे काढायचा धंदा. संदीप नळ्या आवळत राहिला. बॉनेट लावताना त्याने पंढरीला जवळ बोलावलं.

"फायदा होणार, दादा. पन हा काय देव नाय. तेल वेळेवर बदलायचं, मानसं मोजून घ्यायची. आनि एक पक्कं ध्यानात ठेव. याच्या समोर कायबी लावायचं नाय. हवा लागली तर हा जिता, नाय तर नुसता पत्रा."

मित्रांनो, त्यानंतरचे दोन उन्हाळे माझ्या आयुष्यातले सोन्याचे. चढाला तेल भाजत येई, मी ते पसरून धरी, डोंगरावरचा वारा त्यातला ताप घेऊन जाई. लाल दिवा एकदाही लागला नाही. संध्याकाळी पंढरीची बायको चंदना जुना दात घासायचा ब्रश घेऊन जाळीतून माझी धूळ झाडी. घड्यांत अडकलेलं नाचणीचं भूस ती केसातल्या आकड्याने एकेक करून काढी. "याचे दात कोरून देते," असं म्हणे. तिच्याइतकी माझी विचारपूस नंतर कुणी केली नाही.

कौतुक मात्र वाढत गेलं, आणि कौतुकासारखा घातक गंज नाही. पंढरी स्टँडवर छाती काढून सांगू लागला, "आथा गाडीला कुलर हाय. कितीबी चढवा." सातांच्या गाडीत अकरा बसू लागले, मग चौदा. टपावर भाताच्या गोणी. तेल बदलायचा महिना आला आणि गेला, "दिवा कुठं लागतोय?" पंढरी म्हणाला. चंदनाला आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात काम लागलं आणि तिची संध्याकाळ तिकडेच मोडू लागली. माझ्या घड्यांत लाल माती बसली, किडे वाळले. पूर्वी मी सगळ्या अंगाने श्वास घेत होतो, आता निम्म्याने. पंढरी वाईट होता असं मी म्हणणार नाही. दुखणं थांबलं की औषध विसरायचं, ही माणसाची जुनीच खोड. आणि मीही मनातून फुगलो होतो. मला वाटू लागलं होतं की गाडी माझ्याच जिवावर चालते.

मग बोहाडा आला.

आमच्याकडे होळीनंतर गावोगाव बोहाडा होतो. देवांचे आणि राक्षसांचे मोठमोठे मुखवटे लावून सोंगं नाचतात, संबळ वाजतो. आमच्या पाड्याचे मुखवटे म्हातारा ढवळू सांभाळतो. त्या साली ते रंगवायला जव्हारकडे दिले होते आणि परत आणायचा मान पंढरीला मिळाला. लंगड्या पायाने भाताच्या खाचरात उतरू न शकणाऱ्या माणसाला गावाने मान दिला होता. त्या सकाळी त्याने गाडी धुतली, नवा सदरा घातला. चंदनाने गाडीला हळदकुंकू लावलं.

मुखवट्यांत सगळ्यात मोठा रावण. दहा तोंडं, गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रुंद. बोहाड्यात रावणही देवच, त्यालाही नारळ फुटतो. पाड्याची रीत अशी की देव माणसांच्या पुढे चालतो, त्याची नजर गावाकडे हवी, आणि वेशीच्या आत येईपर्यंत वाटेत कुठे थांबायचं नाही. पूर्वी बैलगाडी होती तेव्हा रावण जुवाच्या पुढे बांधत. आता ढवळूने तो गाडीच्या तोंडावर बांधायला काढला. रंग खराब होऊ नये म्हणून मागे नवा पांढरा कपडा, दुहेरी करून.

पंढरीचा हात दोरीवरच थांबला. मी पाहिलं, संदीपचं बोलणं त्याला आठवलं होतं.

"बाबा, इथं नको. आत सीटवर ठेवू का?"

"लोकांच्या पायाशी?" ढवळू म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "माझ्या बापाच्या येळपासून देव पुढंच येतो, पंढऱ्या. आज तू मागं बसवनार?"

पंढरीने माझ्या दिशेने पाहिलं. "नाय, तसं नाय. कुलर हाय ना गाडीला. काय होत नाय."

माझ्या भरवशावर त्याने गाठ मारली. ते शब्द मला आजही टोचतात.

टपावर मांडवाचे बांबू, आत बारा माणसं, मांडीवर बाकीचे मुखवटे. चैत्रातली भर दुपार. गाडी चढाला लागली आणि तेल आलं, आधी गरम, मग भाजतं, मग उकळतं. मी ते पसरून धरलं आणि वाऱ्याची वाट पाहिली. वारा आलाच नाही. तो रावणाच्या दहा तोंडांवर आपटून दोन्ही बाजूंनी निघून जात होता आणि मला कपड्यापलीकडे त्याचा नुसता आवाज ऐकू येत होता. तेल जसं आलं तसंच मी परत पाठवलं. पुन्हा आलं, अधिक तापून. यापेक्षा मोठी लाज माझ्या नशिबी आली नाही.

लाल दिवा लागला. पंढरीला तो दिसला. आत संबळ वाजत होता, ढवळू देवाचं गाणं म्हणत होता. गाडी बाजूला घेऊन तासभर निवू दिली असती, कपडा सोडला असता, तरी निभावलं असतं. पण देव वाटेत थांबवायचा नव्हता, आणि ज्याला मान मिळाला त्याने तो मोडायचा कसा? गाव समोर दिसत होतं. "एवढा एक वळन," पंढरी स्वतःशी पुटपुटला आणि ॲक्सिलरेटर आणखी दाबला.

त्या वळणावर गिअरबॉक्स बसला. इंजिन ओरडलं, जळका वास सुटला, गाडी हात-दोन हात मागे घसरली आणि पंढरीने ब्रेक धरला. सगळे खाली उतरले. ढवळूने रावण सोडून डोक्यावर घेतला, बाकीच्यांनी बाकीचे मुखवटे घेतले, आणि मिरवणूक चालतच वेशीत गेली. देव थांबला नाही, रीत राहिली. पंढरी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून होता. गावातून संबळ ऐकू येत होता. तो रडला, मित्रांनो. माझ्याखेरीज ते कुणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी संदीप आला. त्याने तेल पाहिलं, काळं, त्यात चमकणारा लोखंडाचा चुरा. मग तो माझ्यापुढे वाकला. माझ्या घड्यांत पांढरे धागे चिकटले होते. त्याने एक धागा ओढून काढला आणि बोटावर धरला.

"म्हंजे कुलरचा काय उपयोग झाला नाय," पंढरी म्हणाला.

संदीपने धागा खाली टाकला. "झाला असता, दादा," तो म्हणाला.

गाडी ओढून घरापाशी आणली, ती या ऐनाखाली. तसला गिअरबॉक्स कुठे मिळेना आणि दुसरी तशी गाडी पंढरीच्या आवाक्यातली नव्हती. पावसाळा सरल्यावर तो भिवंडीला एका गोदामावर राखणीला गेला. तिथे दिवसभर खुर्चीवर बसायचं असतं. त्याला पाय लागत नाहीत, डावाही नाही आणि उजवाही नाही. फोनवर तो आधी गाडीचं विचारतो. चंदना सांगते, "हाय बरी." दुसरं ती काय सांगणार?

यंदाच्या बोहाड्याला तो दोन दिवस घरी आला. दुपारी दोघं गाडीला टेकून उभी होती, तेव्हा दुसऱ्या कुणाची जीप मुखवटे घेऊन रस्त्याने आली. रावण टपाच्या पुढच्या कडेला बसवला होता. माणसांच्या डोक्यांहून उंच, नजर गावाकडे, आणि जीपचं तोंड मोकळं. ढवळूने गाडी थांबवू दिली नाही, पण ऐनाच्या झाडापाशी त्याने मान खाली घातली. नंतर कळलं, रावण वर बसवायला त्यानेच सांगितलं होतं. कोणतीही रीत मोडली नव्हती. देव पुढेही होता आणि वरही होता.

पंढरी जीप दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिला. "टपावर चांगला दिसतो," तो म्हणाला. "तवाचे मांडवाचे बांबू काय, मागून पन आनता आले असते."

चंदनाने केसातला आकडा काढला, बॉनेट उघडलं आणि माझ्या घड्यांतली माती उकरू लागली. ऊन उतरेपर्यंत ती तेच करत होती. शेवटचा पांढरा धागाही तिने काढला.

मित्रांनो, दुकानातला तो प्रश्न तुम्हीही विचाराल: याने खरंच काही फरक पडतो का? पडतो. पण नुसतं मला आणून बसवल्याने नाही. ज्याच्या भरवशावर घाट चढायचा, त्याची वाट मोकळी ठेवा. त्याच्या अंगावरची धूळ तो चालता आहे तोवर झाडा. मी आता लख्ख स्वच्छ आहे. डोंगरावरचा वारा दिवसभर माझ्या आरपार जातो, आणि त्याच्या हाती द्यायला माझ्याकडे काही नाही.