मामांची जीभ

चहाच्या त्या कंपनीत मालकापेक्षा मामांचा दरारा मोठा होता. मालक ओरडला तर लोक खाली मान घालून ऐकत आणि वळल्यावर विसरून जात. मामांनी नुसता कप बाजूला सरकवला, तरी गोदामातली पोतीच्या पोती माघारी जात. मामा चहा चाखायचे. लांब टेबलावर पांढरे कप मांडलेले असत. मामा चमच्याने घोट उचलत, डोळे मिटत, खालच्या मजल्यावर ऐकू जाईल असा भुरका मारत, तो तोंडभर फिरवून पिकदाणीत थुंकत आणि मग निकाल देत. तो फिरवायची कुणाची टाप नव्हती.

खरं तर ते तिथल्या एकीचेच मामा होते. भाचीला त्यांनीच या कामाला लावलं, तिचं ऐकून बाकीचेही त्यांना मामा म्हणू लागले. पुढे चाखणीच्या खोलीची प्रमुख भाची झाली, तरी पहिला भुरका मामांचा, हा रिवाज काही मोडला नाही.

मग साथ आली. सुरुवातीलाच मामांना ताप येऊन गेला, थंडी बाधली म्हणाले. भुरके मारणं आणि थुंकणं यावर ज्यांचं पोट, त्यांची काय तारांबळ उडाली असेल ते सांगायला नको. टेबलावर काचा उभ्या राहिल्या, ज्याची त्याची पिकदाणी वेगळी झाली. तरीही वजनकाट्यावरचा माणूस गेलाच. सकाळी पोती तोलून घरी गेला तो परत आला नाही. म्हणून लस आल्याबरोबर कंपनीने गेटवर फलक लावला: सोमवारपासून लस घेतल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. घेतली नसेल त्यांच्यासाठी त्या दिवशी सायकलींच्या शेडमध्ये नर्स बसेल.

मामांनी फलक वाचला आणि तिथल्या तिथे जाहीर केलं, "मी नाही घेणार. माझं पोट माझ्या जिभेवर आहे. त्या सुईने जीभ बिघडली, तर कंपनी नवी आणून देणार आहे का?" एवढं बोलून ते घरी जाऊन बसले.

हट्टी माणूस हट्ट करतो, त्यात नवल नाही. पण मामांचा हट्ट त्यांच्यापुरता राहिला नाही. पॅकिंगमधल्या बायकांनी तो उचलला. त्यांची म्होरकी होती बडबडी. झोपेतही तिचं तोंड बंद नसतं असं तिचा नवराच सांगायचा. त्याचं दुकान साथीत बसलं होतं आणि घर तिच्या पगारावर चाललं होतं. तिने भाचीला जिन्यातच गाठलं.

"मला शहाणपण शिकवू नका, ताई. ज्या माणसाला घोटभर चहावरून पावसात भिजलेलं पोतं कळतं, त्याने नको म्हटलं म्हणजे त्या लशीत काहीतरी काळंबेरं असणारच. मामा घेतील तर आम्ही घेऊ. नाहीतर बसतो घरी."

"घरी बसून खाल काय?"

"ते मामांना विचारा," बडबडी म्हणाली आणि पुढे बराच वेळ बोलत राहिली.

भाचीच्या डोळ्यांसमोर वजनकाट्याची रिकामी खुर्ची होती. तिने मनाशी ठरवलं की मामांना दंडाला धरून आणावं लागलं तरी चालेल, पण सोमवारी ते शेडमध्ये बसलेले दिसले पाहिजेत.

रविवारी सकाळी ती नव्या मिश्रणाचे दोन नमुने घेऊन मामांच्या घरी गेली. सरळ लशीचा विषय काढला असता तर त्यांनी दारातूनच वाटेला लावलं असतं. मामी बाजारात गेली होती. मामा बाल्कनीत खुर्ची टाकून बसले होते आणि दाढी वाढली होती.

"तुमच्याशिवाय हे पास करणार नाही मी," ती म्हणाली.

"आण," मामा म्हणाले. म्हणता म्हणता ते हात पुसून टेबलाशी आलेसुद्धा.

ओट्यावर किटली भरलेली होती. चाखणीच्या खोलीत एक शिस्त असते: किटलीत ताजं पाणी भरलेलंच असायचं आणि त्यात दुसरं काही घालायला कुणी धजायचं नाही. इतक्या वर्षांची सवय. भाचीने झाकण उघडूनही पाहिलं नाही. दुसऱ्या कुणीही पाहिलं असतं. तिने बटण दाबलं, पाणी उकळलं, पत्तीवर ओतलं, मुरू दिलं आणि दोन कप मामांसमोर ठेवले.

मामांनी पत्ती बोटांनी चाचपली. कप उजेडाकडे तिरका करून रंग पाहिला. मग भुरका मारला, तोंडात फिरवला, वाडग्यात थुंकला.

"पहिला फर्मास. अंग चांगलं आहे, दाट लागतो. दुसरा जरा तुरट लागतोय, पत्ती बारीक आहे त्याची. पहिलाच घ्या."

निकाल नेहमीसारखा ठणठणीत होता. पण डोळे उघडे होते. मामांनी उघड्या डोळ्यांनी चाखलेलं भाचीने कधी पाहिलं नव्हतं. तिने मास्क खाली ओढला, दुसरा चमचा घेऊन पहिल्या कपातला घोट घेतला, आणि तो तोंडातून बाहेर कसा काढावा हे तिला कळेना. चहा खारट होता. थोडाथोडका नव्हे, समुद्राचं पाणी बरं म्हणावं इतका.

तेवढ्यात मामी पिशवी घेऊन दारात उभी राहिली. "अगं, किटलीतलं वापरलंस की काय? गुळण्यांसाठी मीठ घालून ठेवलं होतं मी!"

मामांनी कप उचलला, त्यात पाहिलं आणि हळूच खाली ठेवला. मामीने एकदा दोघांकडे पाहिलं आणि ती आत गेली. तिला माहीत होतं.

"कधीपासून?" भाचीने विचारलं.

"त्या तापापासून. थंडी बाधली म्हणून सांगितलं होतं ना मी, ती थंडी नव्हती. ताप गेला, पण चव आणि वास परत आलेच नाहीत. मग पत्ती हाताने बघायची, रंग बघायचा, आणि तुझ्या चेहऱ्याकडे बघायचं. वास घ्यायला तू मास्क खाली करून कपावर वाकलीस आणि तुझं नाक जरा आक्रसलं की मी कप सरकवायचो."

भाचीला रडू आलं आणि रागही आला. राग जास्त होता.

"म्हणजे लशीला तुम्ही भीत नाही."

"कशाला भिऊ? जे जायचं ते गेलं." मामांनी कप बाजूला सरकवला. "नियमाने मला बाहेर काढलं असं लोक म्हणाले असते, पोरी. आपल्या शब्दासाठी नोकरी सोडली म्हणाले असते. ताठ मानेने गेलो असतो. जीभ गेलेल्या चाखणाऱ्याला कोण विचारतं?"

"आणि पॅकिंगच्या बायका? त्या तुमच्या जिभेच्या भरवशावर अडून बसल्यात. उद्या त्यांचं काम जाईल. कुणाचा तरी जीवही जाईल. तुमची जीभ सुईने नाही गेली मामा, रोगाने गेली. हे तुमच्याशिवाय त्यांना कुणी सांगितलं तर त्या ऐकणार नाहीत."

"मी नाही सांगणार."

"नका सांगू. मी गेटवर उभी राहून सांगेन. तुमची इज्जत गेली तरी सांगेन. मला वाईट वाटेल, जन्मभर वाटेल, पण सांगेन."

मामांनी तिच्याकडे पाहिलं. ती त्यांचीच भाची होती, आणि हट्ट कुणाकडून उचलला हे विचारायची सोय नव्हती. निरोप न घेताच ती निघून आली.

सोमवारी गेटबाहेर पॅकिंगच्या बायका घोळका करून उभ्या होत्या. शेडमध्ये नर्स रिकामी बसली होती, मॅनेजर येरझाऱ्या घालत होता. भाचीने दोनदा रस्त्याकडे पाहिलं. मग मन घट्ट केलं आणि ती घोळक्याकडे निघाली. बोलायला तोंड उघडणार, तोच बायका बाजूला सरल्या.

मामा आले होते. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. ते थेट बडबडीसमोर उभे राहिले.

"तू माझ्या जिभेचा हवाला देतेस म्हणे?"

"देणारच! अख्ख्या कंपनीत—"

"मला चव येत नाही. वासही येत नाही. त्या तापात दोन्ही गेलं. काल मी मिठाच्या पाण्यातला चहा फर्मास म्हणून पास केलाय, माझ्या भाचीला विचार. तो ताप साधा नव्हता, हाच रोग होता. सुई तर मला अजून शिवलेलीही नाही."

मॅनेजर चालता चालता थांबला. त्यानेही ऐकलं होतं आणि मामांना ते दिसलं होतं. मामांनी मान खाली घातली नाही. बडबडीचं तोंड उघडंच होतं, पण त्यातून शब्द फुटत नव्हता. कंपनीत असं पहिल्यांदाच घडत होतं.

मामा शेडमध्ये गेले, स्टुलावर बसले आणि बाही वर केली. भाची त्यांच्या मागे उभी राहिली. सगळ्या बायका बघत होत्या. सुई आत गेली तेव्हा मामांनी डोळे मिटले, अगदी कप समोर असल्यासारखे.

बडबडी दोन पावलं पुढे आली. "मामा, दुखलं?"

"दुखलं की," मामा म्हणाले. "तेवढं कळतं मला अजून."

बडबडीने पदराने डोळे पुसले, पिशवी शेजारणीच्या हातात दिली आणि मामा उठायच्या आतच ती स्टुलाजवळ जाऊन उभी राहिली.